एसी आधी तपासा, बॅटरी नंतर

प्रश्न: आम्ही मिल्टन कीन्सला राहतो. ऑफिस ल्यूटनला, जाऊन-येऊन ४४ मैल, आठवड्यातून चार दिवस. घरासमोर गाडी लावायला स्वतःची जागा आहे, चार्जर बसवून घेता येईल. सध्या एक जुनी पेट्रोल पोलो आहे; ठेवायची की विकायची ते ठरलेलं नाही. सेकंड हँड बीएमडब्ल्यू आय३ ही इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात आहे आणि दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. पहिली मार्च २०१९ची, १२० एएच (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरीची, ५१ हजार मैल झालेली, डीलरकडे आहे. जाहिरातीत ‘बॅटरी हेल्थ १०० टक्के’ लिहिलंय. दुसरी जून २०१७ची, ९४ एएच, रेंज एक्स्टेंडरवाली (म्हणजे वीज बनवणारं छोटं पेट्रोल इंजिन असलेली), ४३ हजार मैल, एका गृहस्थांची, अडीच हजार पौंडांनी स्वस्त. मुलगी पाच वर्षांची आहे. सांगलीहून आई-बाबा दरवर्षी मे ते सप्टेंबर आमच्याकडे राहायला येतात. कोणती घ्यावी? आणि बॅटरी खरंच चांगली आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आई-बाबांचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करू. आय३ला चारच सीट आहेत. मागे मधली जागा नाही, मधला पट्टा नाही. तुम्ही दोघं, मुलगी आणि आई-बाबा मिळून पाच होतात, म्हणजे वर्षातले पाच महिने हे कुटुंब या गाडीत एकत्र कुठेही जाऊ शकणार नाही. पोलो विकणार असाल तर आय३ घेऊ नका. त्याऐवजी २०१७ ते २०२० मधली फोक्सवॅगन ई-गोल्फ बघा. तिची बॅटरी ३५.८ युनिटांची आहे (युनिट म्हणजे आपलं विजेच्या बिलातलंच युनिट, एक किलोवॉट-तास), सीट पाच आहेत, दारं नेहमीसारखी आहेत. पोलो ठेवणार असाल तर आय३ तुमच्या रोजच्या प्रवासाला फार चांगली गाडी आहे. पुढचं सगळं पोलो राहते असं धरून लिहितो.

दारांचंही बघा. या गाडीला मधला खांब नाही. मागचं दार उलट्या बाजूला उघडतं आणि तेही पुढचं दार उघडल्यावरच. पुढच्या सीटचा पट्टा मागच्या दारातच बसवलेला आहे, त्यामुळे मुलीला शाळेपाशी उतरवताना पुढे बसलेल्याला आधी पट्टा काढावा लागतो, मग दार उघडायचं, मग मागचं. सुपरमार्केटच्या अरुंद पार्किंगमध्ये दोन्ही दारं उघडली की मधे उभं राहणारा माणूस शेजारच्या गाडीला टेकतो. मागच्या काचा उघडत नाहीत. डिकी २६० लिटरची आहे. विमानतळावरच्या दोन मोठ्या बॅगा मागची सीट पाडल्याशिवाय बसणार नाहीत. गाडी बघायला जाताना मुलीला आणि तिच्या बूस्टर सीटला बरोबर न्या, आणि शेजारी गाडी उभी असताना तिला दोनदा चढवून-उतरवून बघा.

आता बॅटरी. आकडे असे आहेत: सुरुवातीच्या ६० एएच गाडीत वापरता येणारी बॅटरी १८.८ युनिटांची, २०१६च्या मध्यापासूनच्या ९४ एएचमध्ये २७.२, आणि २०१८च्या अखेरीपासूनच्या १२० एएचमध्ये ३७.९. ही गाडी बऱ्या हवेत, मध्यम वेगाने युनिटला साधारण ४ मैल जाते. जानेवारीत, हीटर लावून, एम१ मोटरवेवर ७०ने गेलात तर ३ मैल धरा. म्हणजे थंडीतल्या वाईट दिवशी तुमच्या ४४ मैलांना १५ युनिटांच्या आसपास लागतील. ९४ एएचमध्ये ते निम्म्याहून थोडे जास्त, १२० एएचमध्ये ४० टक्के. दोन्ही गाड्या पुरतात. रेंजची काळजी मनातून काढून टाका.

‘हेल्थ १०० टक्के’ या शब्दांना मात्र अर्थ नाही, आकडा कुठून आला ते कळेपर्यंत. डीलरने बहुधा पूर्ण चार्ज झालेली गाडी बघून १०० लिहिलं असेल. खरा आकडा गाडीतच असतो. ब्रेक न दाबता स्टार्टचं बटण दाबा. ट्रिप शून्य करायचं बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा. वेगाच्या पडद्यावर सर्व्हिसचा छुपा मेनू येतो. तो उघडायला कोड लागतो: चेसिस नंबरच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज. मग तेराव्या विभागात ‘बॅट. कापा. मॅक्स’ अशी ओळ सापडते आणि तिच्यापुढे युनिटांत क्षमता. ९४ एएचवर २५ दिसले तर साधारण ९२ टक्के. हा आकडा थंडीत आणि बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत खाली-वर होतो, म्हणून गाडी थोडी फिरवून आल्यावर पुन्हा एकदा बघा. काही नंतरच्या गाड्यांत ही ओळ दिसतच नाही. तेव्हा ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि आय३चे आकडे वाचणारं फोनवरचं ॲप लागेल. मिल्टन कीन्ससारख्या गावात इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करणारं स्वतंत्र गॅरेज सापडेल, ते थोड्या पैशांत छापील रिपोर्ट देतात.

यातलं काहीच जमलं नाही तर साधा हिशोब करा. निघताना चार्जचा टक्का टिपा, ट्रिप शून्य करा, ३०-४० मैल चालवा. समजा ३६ मैल झाले, पडद्यावर युनिटला ४ मैलांचं ॲव्हरेज आलं आणि चार्ज २५ टक्के उतरला. म्हणजे ९ युनिटं खर्च झाली आणि पूर्ण बॅटरी ३६ युनिटांची. टक्का एकाने चुकला तरी उत्तर साडेचौतीस ते साडेसदतीसच्या मधे फिरतं, म्हणून यावरून घासाघीस करू नका. पण १२० एएचच्या गाडीत उत्तर ३०च्या खाली आलं तर तिथेच थांबा.

बॅटरीबद्दल इतकं लिहिलं, तरी खरं सांगायचं तर या गाडीत बॅटरी क्वचितच दगा देते. सॅमसंगचे ९६ सेल, आठ मोड्यूलमध्ये, आणि त्यांना थंड ठेवायला थेट एसीचा गॅस फिरतो. आणि इथेच गोम आहे. बहुतेक लोक एसी म्हणजे उन्हाळ्यातली चैन समजतात. इंग्लंडच्या हवेत तर कित्येक जण तो महिनोन्महिने लावतच नाहीत. आय३मध्ये तोच एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीलाही थंड ठेवतो. तो आतून झिजून बसला की धातूचा बारीक चुरा गॅसच्या पाइपांतून सगळीकडे पसरतो: कंडेन्सरमध्ये, व्हाल्व्हमध्ये, बॅटरीखालच्या नळ्यांमध्ये. नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. उरलेला चुरा नव्या कॉम्प्रेसरलाही खातो, म्हणून सगळी वाट धुवावी लागते किंवा भाग बदलावे लागतात, आणि त्यासाठी कधी कधी हाय व्होल्टेज बॅटरी खाली उतरवावी लागते. बिल हजारो पौंडांत जातं. तुमच्या दोन गाड्यांमधल्या किमतीचा फरक या एका बिलात वाहून जाईल.

म्हणून गाडीत बसल्यावर पहिलं काम हे करा. रेडिओ बंद, काचा बंद, तापमान सगळ्यात कमी, पंखा पूर्ण. दोन-तीन मिनिटांत हवा झोंबणारी गार झाली पाहिजे; नुसती ‘बरी’ नव्हे. मग पंखा एकवर आणा आणि ऐका. कॉम्प्रेसरचा हलका, एकसारखा गुणगुणाट चालतो. खरखर, घासल्यासारखा आवाज, किंवा थांबत-थांबत येणारी गार हवा असेल तर गाडी सोडा. गाडीबाहेर येऊन कुणाला तरी एसी बंद-चालू करायला सांगून पुन्हा ऐका. विक्रेता ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ म्हणाला तर आधी भरून घ्या, दोन आठवड्यांनी परत बघा, मग बोला. गॅस आपोआप संपत नाही. कुठून तरी गळत असतो. कॉम्प्रेसर आधीच बदललेला असेल आणि त्याबरोबर लाइन धुतल्याचं बिल असेल तर मात्र ती गाडी जास्त चांगली, कमी नव्हे.

याचीच दुसरी परीक्षा रॅपिड चार्जरवर होते. चार्ज ३०-४० टक्क्यांवर असताना, थोडी चालवून गरम झालेली गाडी ५० किलोवॉटच्या चार्जरला लावा. आय३ची खासियत अशी की ती ८० टक्क्यांपर्यंत जवळजवळ एकाच वेगाने चार्ज घेते. चाळिसाच्या वर आकडा दिसायला हवा. कडाक्याच्या थंडीत कमी दिसेल, ते चालायचं. पण उन्हाच्या दिवशी सुरुवात जोरात करून थोड्याच वेळात २०वर घसरली तर बॅटरी नीट थंड होत नाहीये. जुन्या गाड्यांत रॅपिड चार्जिंग पर्यायी होतं, म्हणून फ्लॅप उघडून वरच्या सॉकेटखाली दोन जाड पिनांची भोकं आहेत ना ते डोळ्यांनी बघा. घरच्या चार्जरसारख्या ७ किलोवॉटच्या पॉइंटलाही दहा मिनिटं लावा. ती ३.७वरच अडकत असेल तर गाडीतला चार्जर अर्धा गेलेला असू शकतो, आणि तो भाग महाग आहे.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी लोक विसरतात. ती पुढच्या बॉनेटखाली, प्लॅस्टिकच्या ट्रेच्या खाली असते. २० एएचची, एजीएम प्रकारची, मोटारसायकलच्या बॅटरीएवढी. चार-पाच वर्षांत ती दमते, आणि दमली की पडद्यावर ‘ड्राइव्हट्रेन’चे भीतीदायक इशारे एकामागून एक येतात, चार्जिंग सुरू होत नाही. पुष्कळ जण तेव्हा मोठी बॅटरी गेली समजून घाबरतात. कधी बदलली विचारा. उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर डीलरकडून बदलूनच घ्या आणि नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करायला सांगा. उलटंही लक्षात ठेवा: पडद्यावर इशारे दिसत असताना ‘ती १२ व्होल्टचीच कटकट आहे’ हे विक्रेत्याचं म्हणणं नवी बॅटरी टाकून दाखवल्याशिवाय मानू नका.

टायर अरुंद आणि उंच आहेत, १९ इंची चाकाला १५५/७०. या मापाचा टायर फार थोड्या कंपन्या करतात, त्यामुळे टायरवाल्याकडे आयत्या वेळी मिळेलच असं नाही. गाडी मागच्या चाकांवर चालते आणि पिकअप जोरदार आहे. मागचे टायर आधी जातात. आतल्या कडेवर हात फिरवून बघा, नुसतं बाहेरून बघून कळत नाही. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ३च्या खाली असतील तर नव्या जोडीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. स्टेपनी नाही. पंक्चरचं द्रव आणि छोटा पंप येतो. बाटलीवरची तारीख वाचा.

ब्रेक फार कमी वापरले जातात, कारण पेडलवरून पाय उचलला की मोटरच गाडी थांबवते. परिणामी डिस्क गंजतात. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ३०च्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाका. आता मोटर मदत करणार नाही. दोन-तीनदा ठाम ब्रेक दाबा. पायाला थरथर लागली, गाडी एका बाजूला ओढली, किंवा घासल्याचा आवाज थांबतच नाही, तर डिस्क-पॅड बदलायला आले. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदललं का ते सर्व्हिसच्या नोंदीत मिळेल.

चालवताना मिल्टन कीन्सचे गोल चौक तुमच्या उपयोगाचे आहेत. प्रत्येक चौकाआधी पाय उचला, चौकातून बाहेर पडताना जोरात दाबा. या बदलाच्या क्षणी मागून ‘टक्’ असा एकच खटका आला तर मोटरच्या माउंटकडे बोट जातं. सुरुवातीच्या गाड्यांत तिथला बोल्ट तुटायचा. गतिरोधकावर पुढून खडखड आली तर सस्पेन्शनचे भाग: स्ट्रटचा वरचा माउंट किंवा ड्रॉप लिंक. हे दुसरं काम तुलनेने स्वस्त आहे. मग एम१वर जंक्शन १४ पासून १३ पर्यंत जाऊन या. उंच अंग, अरुंद टायर, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी ट्रकला मागे टाकताना गाडी हलते. हा दोष नाही, तिचा स्वभाव आहे. पण रोज ४४ मैल तुम्हालाच तो सोसायचा आहे, म्हणून विकत घेण्याआधी अनुभवा.

बाहेरचे पत्रे पत्रे नाहीतच, प्लॅस्टिकचे आहेत. गंजत नाहीत, बदलायला सोपे. आतला सांगाडा कार्बन फायबरचा. दार उघडलं की उंबऱ्यापाशी त्याची काळी वीण उघडी दिसते. तिथे टॉर्च मारून तडे, खोल ओरखडे, नंतर भरलेला किंवा रंगवलेला भाग शोधा. खाली वाकून जॅक लावायच्या जागाही बघा. चुकीच्या जागी उचललेली गाडी तिथे ओरखडलेली असते. कार्बनची दुरुस्ती हे कुणाही गॅरेजवाल्याचं काम नाही. विमा कंपनीने ‘कॅट एस’ (अपघातात सांगाड्याला मार बसलेली) ठरवलेली आय३ कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

आता रेंज एक्स्टेंडर. तो म्हणजे ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं स्कूटरचं इंजिन आहे, ९ लिटरची टाकी. चार्ज संपत आला की वीज तयार करतो, चाकं फिरवत नाही. रॅपिड चार्जर विरळ होते तेव्हा तो आधार होता. घरी रात्री चार्ज होणाऱ्या, रोज ४४ मैल चालणाऱ्या गाडीत तो बहुतेक वेळ नुसतं वजन असेल, साधारण १२० किलो. वर त्याचं इंजिन ऑइल, प्लग. या गाडीला हीट पंपही नाही, कारण कंपनी तो रेंज एक्स्टेंडरबरोबर देत नव्हती, म्हणजे थंडीत हीटर जास्त वीज खाणार. तरी बघायला गेलातच तर चार्ज ७५ टक्क्यांच्या खाली असताना जा, मेनूतून इंजिन मुद्दाम सुरू करा आणि दहा मिनिटं चालू द्या. ‘मी कधी वापरलाच नाही’ हे विक्रेते कौतुकाने सांगतात; न वापरलेल्या इंजिनात जुनं पेट्रोल आणि जुनं तेल असतं.

आमचं मत १२० एएचकडे आहे. तिच्या बॅटरीची आठ वर्षांची हमी मार्च २०२७ पर्यंत आहे. मैलांची मर्यादा कुठली लागू ते चेसिस नंबर देऊन बीएमडब्ल्यूकडून लेखी घ्या. २०१७च्या गाडीची हमी जून २०२५मध्ये संपली. रोड टॅक्स दोन्हींना सारखाच, २०२५-२६ साठी १९५ पौंड, कारण दोन्ही एप्रिल २०१७ नंतरच्या. दुसरं मोठं कारण डीलर आहे. कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५ प्रमाणे डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष विकतानाच होता असं धरलं जातं. नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. घरगुती विक्रेत्याकडे यातलं काही नाही. एसीचा कॉम्प्रेसर चौथ्या महिन्यात बसला तर हा फरक तुम्हाला अडीच हजारांपेक्षा महत्त्वाचा वाटेल.

जाण्याआधी घरबसल्या दोन कामं. सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) सगळा इतिहास आणि बाकी राहिलेले रिकॉल फुकट दिसतात. मैलांचे आकडे वर्षागणिक चढते आहेत ना आणि ‘गंजलेली डिस्क’, ‘आतली कड झिजलेला टायर’ असे शेरे वाचून घ्या. गाडीवर कर्ज बाकी आहे का हे थोडे पैसे भरून तपासा. तिथे गेल्यावर दोन्ही किल्ल्या, टाइप २ची केबल (चार्जिंग पॉइंटसाठी) आणि तीन पिनांची केबल (घरच्या साध्या सॉकेटसाठी) मोजून घ्या. गाडी आधीच्या मालकाच्या ॲपमधून काढून तुमच्या फोनला तिथेच जोडून बघा. जोडली नाही तरी सकाळी निघायची वेळ गाडीच्या पडद्यावरून लावता येते, म्हणजे प्लगला असतानाच ती गरम होईल. हे जरूर करा. थंडीत दोन-चार मैलांचा फरक पडतो आणि काच खरवडायला लागत नाही.

विम्याचा आकडा मात्र ठेव भरण्याआधी काढा. कार्बनच्या सांगाड्यामुळे कंपन्या-कंपन्यांत दर बराच वेगळा येतो. तो पटला की डीलरला ठेव क्रेडिट कार्डावरूनच द्या. गाडीची किंमत १०० ते ३० हजार पौंडांच्या मधे असेल आणि त्यातला काही भाग जरी कार्डावर गेला असेल, तरी कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली पूर्ण किमतीसाठी कार्ड कंपनीही डीलरइतकीच जबाबदार राहते.